पिशवी काढली, पण पुढच्या वीस वर्षांचं काय?

आपा हल्ली खुर्चीवर बसून नमाज पढते. गेल्या हिवाळ्यात न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ५८. ऑपरेशन झालं, सळी बसली, तीन महिन्यांनी वॉकर धरून चालायला लागली. पण सजद्यात जाता येत नाही, याचं तिला पायापेक्षा जास्त दुखतं.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, "एवढ्याशा पडण्यानं या वयात खुबा मोडायला नको होता. पाळी कधी गेली?"

"गेली नाही, पिशवी काढली. ३६व्या वर्षी."

"अंडाशयंही काढली होती का?"

आपानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. बावीस वर्षांत हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता आणि आमच्याही डोक्यात आला नव्हता. घरी येऊन पत्र्याची ट्रंक उपसली. निकाहनामा, रेशनकार्डाच्या झेरॉक्स, मुलांचे दाखले आणि तळाशी पिवळा पडलेला डिस्चार्जचा कागद. त्यावर लिहिलं होतं, गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढली. खाली सही आणि शिक्का. पुढे काय करायचं, याबद्दल टाके कधी काढायचे एवढंच.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी समजावून सांगितलं. अंडाशय हा फक्त मूल होण्यासाठीचा अवयव नाही. इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन तिथूनच येतं. आपलं हाड आयुष्यभर थोडं थोडं मोडत असतं आणि नवं भरत असतं. मोडण्याच्या त्या कामाला इस्ट्रोजेन आवर घालतं. ते ३६व्या वर्षी एकदम बंद झालं, तर हाडांची झीज दहा-बारा वर्षं आधीच सुरू होते. हृदयावरही परिणाम होतो. म्हणून इतक्या लवकर अंडाशयं काढलेल्या बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, हार्मोन बाहेरून द्यावं, असं जगभरच्या वैद्यकीय संघटना सांगतात.

"मग आता सुरू करू या का?" आपानं विचारलं.

"आता नाही. आता उशीर झाला. आता हाडांचं वेगळं औषध."

आपाचं हाड फक्त त्याच एका कारणानं मोडलं, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, हे डॉक्टरांनीही सांगितलं. पण जे द्यायला हवं होतं ते दिलं गेलं नाही, आणि द्यायला हवं होतं हेच कुणी सांगितलं नाही, हे मात्र खरं.

हे सगळं चाललं होतं तेव्हा मी ५१ वर्षांची होते. माझी पाळी ४९व्या वर्षी आपोआप गेली. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता अंगातून वाफा निघायच्या, रात्री तीनदा उठून पंखा वाढवायचा आणि सकाळी घरच्यांवर खेकसायचं. मी गप्प होते, कारण २००२ सालापासून माझ्या कानात एकच वाक्य बसलं होतं: हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो. त्यात माझ्या खालाला स्तनाचा कॅन्सर झालेला. पण आपाच्या प्रसंगानंतर मी ठरवलं, ऐकीव गोष्टींवर राहायचं नाही. हिशेब स्वतः समजून घ्यायचा.

तो हिशेब असा.

१९६६ साली न्यूयॉर्कच्या रॉबर्ट विल्सन नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञानं एक पुस्तक लिहिलं. पाळी जाणं हा एक प्रकारचा आजारच आहे आणि इस्ट्रोजेन घेतलं तर बाई कायम तरुण राहील, असा त्याचा सूर होता. पुस्तक धडाक्यात खपलं. त्याला औषध कंपनीकडून पैसे मिळत होते, हे नंतर बाहेर आलं. १९७५ मध्ये लक्षात आलं की, गर्भाशय असलेल्या बाईनं नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढतो. म्हणून त्याला प्रोजेस्टेरॉनची जोड देऊ लागले. पिशवी असेल तर दोन्ही औषधं आणि पिशवी काढलेली असेल तर सहसा एकच, हा नियम तिथून आला.

मग २००२. अमेरिकेत १६,६०८ बायकांवर चाललेला एक मोठा अभ्यास सरासरी ५.२ वर्षांनंतर मध्येच थांबवला गेला. दोन्ही हार्मोन एकत्र घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढला, अशी बातमी जगभर गेली. लाखो बायकांनी गोळ्या फेकून दिल्या. आता हे २६ टक्के म्हणजे किती, ते पाहा. दर वर्षी १०,००० बायकांमागे ३० जणींना कॅन्सर व्हायचा, तिथे ३८ जणींना झाला. म्हणजे आठ जास्त. पक्षाघात आठ जास्त, हृदयविकार सात जास्त, फुप्फुसात गुठळी जाण्याचे प्रकार आठ जास्त. उलट खुब्याची हाडं मोडणं पाचनं कमी आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर सहानं कमी. आठ हा आकडा लहान वाटला तरी त्या आठ घरांसाठी तो लहान नसतो. पण "गोळी घेतली की कॅन्सर" आणि "दहा हजारांत आठ" यांत फार अंतर आहे.

दुसरी गोष्ट त्या बातम्यांत हरवली. अभ्यासातल्या बायका ५० ते ७९ वयाच्या होत्या आणि त्यांचं सरासरी वय ६३ होतं. म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटली होती. पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, साठीच्या आत, त्रास होतो म्हणून औषध सुरू करणाऱ्या बाईचा हिशेब वेगळा निघतो. तिथे फायद्याचं पारडं बहुधा जड असतं. पिशवी काढलेल्या आणि नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या १०,७३९ बायकांचा वेगळा गट होता. त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. पक्षाघात मात्र वाढला, म्हणून २००४ मध्ये तोही भाग थांबवला. पुढे १८ वर्षांचा पाठपुरावा झाला. २०१७ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की, एकूण मृत्यूंमध्ये औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायकांत फरक नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं या औषधांच्या पाकिटावरचे हृदयविकार आणि स्तनाच्या कॅन्सरबद्दलचे काळ्या चौकटीतले इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला.

याचा अर्थ आता सगळ्यांनी घ्यावं, असा नाही. २०२२ मध्ये अमेरिकेच्याच प्रतिबंधक आरोग्यसेवांच्या तज्ज्ञगटानं स्पष्ट सांगितलं की, काही त्रास नसताना, केवळ पुढचे आजार टळावेत म्हणून हार्मोन घेऊ नये. ज्यांना स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या आहेत, यकृताचा मोठा आजार आहे किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होतो आहे, त्यांच्यासाठी हे औषध नाही. म्हणजे खरा प्रश्न "हार्मोन चांगलं की वाईट" हा नाहीच. कुणाला, कोणत्या वयात, कशासाठी आणि किती दिवस, हा आहे. आमच्या एकाच घरात दोन उत्तरं निघाली. आपाला ३६व्या वर्षी हवं होतं, ५८व्या वर्षी नको. मला ५१व्या वर्षी चालू शकत होतं.

आता आपल्या बायकांच्या मनातले प्रश्न. डॉक्टरांसमोर ते आपण विचारत नाही, पण औषध बंद पडतं ते बऱ्याचदा त्यांच्यामुळेच. माझ्या मैत्रिणीनं विचारलं, "गोळ्या घेतल्या तर पुन्हा पाळी सुरू होणार का? आता कुठे रमजानचे पूर्ण रोजे सलग होतायत, नमाज सुटत नाही." हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाळी गेल्यावर इबादतीत खंड पडत नाही, याचा आपल्या आयाबायांना मोठा दिलासा असतो. उत्तर असं आहे की, दोन पद्धती आहेत. एकीत प्रोजेस्टेरॉन महिन्यातले ठरावीक दिवस देतात आणि त्यात दर महिन्याला रक्तस्राव होतो. दुसरीत दोन्ही औषधं रोज देतात. पहिले काही महिने थोडंफार डाग पडतात, मग सहसा बंद होतं. पाळी जाऊन वर्ष झालेल्या बाईला दुसरी पद्धत देता येते. फक्त मागावी लागते. आणि गोळ्या घेत असा वा नसा, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर ते अंगावर काढू नका, तपासून घ्या.

दुसरा प्रश्न हलाल-हरामचा. तोही पोकळ नाही. जुनं आणि गाजलेलं इस्ट्रोजेन, प्रेमारिन, हे गाभण घोड्यांच्या लघवीतून काढलेलं असतं. काही कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असतं. दुसरा इलाज नसेल तेव्हाची सवलत आणि पदार्थ पूर्ण बदलून गेला तर त्याचा हुकूम काय, या चर्चा फिकहमध्ये जुन्या आहेत. त्या आलिमांनी कराव्यात. पण इथे दुसरा इलाज आहे. वनस्पतीपासून सुरुवात करून कारखान्यात बनवलेलं, मानवी इस्ट्रोजेनसारखंच तंतोतंत, असं एस्ट्राडिओल मिळतं. ते गोळीत येतं, कातडीवर लावायच्या जेलमध्ये येतं, पट्टीतही येतं. कातडीवाटे घेतलं तर गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी असल्याचं निरीक्षणांतून दिसतं. रोज्याचं म्हणाल, तर जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीनं १९९७ सालीच मलम आणि औषधी पट्ट्या यांनी रोजा तुटत नाही, असा ठराव केलेला आहे.

आणि तिसरी गोष्ट, लाज. तलाकच्या इद्दतीचे नियम सांगताना कुरआनानं पाळी थांबलेल्या बायकांचा उल्लेख सरळ केला आहे. जे तिथे उघड आहे, त्याबद्दल आपण घरात कुजबुजतो. एक प्रसिद्ध हदीस आहे. इलाज करा, अल्लाहनं प्रत्येक आजारावर दवा ठेवली आहे, एक म्हातारपण सोडून, असा तिचा आशय. मला त्यात दोन्ही बाजू दिसतात. म्हातारपण हा बरा करायचा आजार नाही, म्हणून तारुण्य विकणाऱ्याच्या मागे धावू नये. पण म्हातारपणात येणारं दुखणं हे दुखणंच आहे आणि त्यावर इलाज करायचा असतो.

तारुण्य विकणारे आता कोल्हापुरातही आहेत. हे शहर तालमींचं. दूध, बदाम, जोर-बैठका यांवर इथे पिढ्या वाढल्या. आता जिममध्ये पोरं ताकदीची इंजेक्शनं घेतात आणि पन्नाशीतले त्यांचे वडील थकवा जावा म्हणून टेस्टोस्टेरॉनची चौकशी करतात. रक्तात ते खरोखर कमी असेल आणि त्रासही असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते औषध आहे. २०२३ मध्ये अशा ५,२४६ पुरुषांवरचा अभ्यास छापून आला. हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, पण हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुप्फुसात गुठळी जाणं, मूत्रपिंडाला इजा, हे जास्त आढळलं. हाडं मजबूत होतील ही आशा होती, तर हाडं मोडण्याचे प्रकारही जास्त निघाले. तरुण पोरांनी तर हेही ऐकावं की, बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं आणि त्याबरोबर शुक्रजंतूही घटतात. मर्दानगीसाठी घेतलेलं इंजेक्शन बाप होण्याच्या आड येतं.

पण माझ्या मनातून जात नाही ती वेगळीच बाई. मी ज्या शाळेत शिकवते, ती कोल्हापूरजवळच्या ऊसपट्ट्यात आहे. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून टोळ्या येतात, शेताच्या कडेला खोपी उभ्या राहतात आणि त्यांची काही मुलं माझ्या वर्गात बसतात. दोन वर्षांपूर्वी एका मुलीची आई दाखल्यासाठी आली. तिशीची असेल. उन्हातही नाही, सावलीत बसून घामानं निथळत होती. मी पाणी दिलं. म्हणाली, "बाई, हे असंच होतंय. पिशवी काढल्यापास्नं." दोन लेकरं झाली, पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, खाड्याचा दंड पडतो, मुकादमाची उचल फिटत नाही, अंगावरून पांढरं जात होतं, डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली, काढून टाकली. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातली एक बाजू महिन्यातून चार दिवस थांबली, तर हिशेब बिघडतो.

तिच्यासारख्या किती, हे सरकारनंच मोजलं आहे. २०१९ मध्ये बीडमधलं प्रकरण गाजल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींत एक. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनाकारण होणाऱ्या या शस्त्रक्रियांना आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं राज्यांना बजावलं. हे योग्यच झालं. पण ही सगळी चर्चा यापुढे होणाऱ्या ऑपरेशनांची आहे. ज्यांची होऊन गेली, त्यांच्या पुढच्या वीस-तीस वर्षांचं काय? त्यांची अंडाशयं ठेवली की काढली, हे त्यांना माहीत आहे का? ठेवली असली तरी नुसती पिशवी काढलेल्या बायकांत ती लवकर थकण्याची शक्यता जास्त असते. काढली असतील, तर या बायका तिसाव्या वर्षी पन्नाशीच्या पुढच्या शरीरानं उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहतायत.

शहरात "निरोगी वार्धक्य" या नावाखाली ज्यांना गरज नाही त्यांना हार्मोनची पॅकेजं विकली जातात. ज्यांना ते औषध खरोखर लागू आहे, त्यांना त्याचं नावही कुणी सांगितलेलं नाही. हार्मोनच्या धोक्यांवर आपण वाद घालतो, तेव्हा न दिल्याचा धोका हिशेबात धरतच नाही. आपाचा मोडलेला खुबा कुठल्या अभ्यासाच्या दुष्परिणामांच्या यादीत येणार नाही. तोही दुष्परिणामच आहे, गप्प बसण्याचा.

माझी मागणी फार मोठी नाही. पिशवीचं ऑपरेशन करणाऱ्या प्रत्येक दवाखान्यानं डिस्चार्जच्या कागदावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहावं: अंडाशयं ठेवली की काढली, का काढली, आणि पुढे हार्मोनबद्दल कुणाला, कधी भेटायचं. सीपीआरमध्ये आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत पंचेचाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या प्रत्येक बाईला हा प्रश्न विचारला जावा. हंगामात फडावर आरोग्य तपासणी होते तेव्हा रक्तदाबाबरोबर एवढं एक वाक्य विचारायला खर्च येत नाही. आणि घराघरांत ट्रंका उघडाव्यात. आई, आपा, भाभी, चाची, ज्यांची पिशवी काढली आहे त्यांचे कागद शोधावेत.

माझं विचाराल, तर मी दोन महिने घेतले. मॅमोग्राफी झाली, रक्तदाब, साखर, सोनोग्राफी झाली. खालाच्या कॅन्सरबद्दल डॉक्टरांना तिचं वय, कोणत्या बाजूची नातलग, सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही पारडी समोर ठेवली आणि निर्णय माझ्यावर सोडला. मी जेल आणि रात्रीची प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल सुरू केली आहे. दर वर्षी तपासणी करायची आणि पुढे चालू ठेवायचं की नाही ते पुन्हा ठरवायचं. भीती पूर्ण गेलेली नाही. पण रात्री झोप लागते. संध्याकाळी रंकाळ्यावर चालायला जाते, कारण हाडांसाठी चालण्याला पर्याय नाही, हे हार्मोन घेणाऱ्यालाही लागू आहे.

आपा परवा म्हणाली, "तुझ्यासाठी बरं झालं, मी पडले ते." ती हसत होती. मला हसता आलं नाही. एका बहिणीचं हाड मोडल्यावर दुसरीला माहिती मिळावी, ही काही पद्धत नाही. आणि त्या खोपीतल्या बाईला तर मोठी बहीणही तिच्यासारखीच पिशवी काढलेली असेल. तिला सांगणार कोण?